सुपाएवढे कान आणि न हसणारा साहेब

*‘सर, मी सांगलीत बँकेत नोकरी करते. आमचा दहा-बारा जणांचा हौशी नाट्यसंघ आहे. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगच्या कादंबरीचं मी दोन अंकी विनोदी नाट्यरूपांतर केलंय. सहा नट आणि अख्खं जग. घरी लिहिताना मी एकटीच खदखदून हसायचे. परवा संघात वाचन झालं, तर चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज ऐकू येत होता. दिग्दर्शक म्हणतो, पानाला तीन पंच घाल, बाकी मी बघतो. फॉगचा पाठलाग करणाऱ्या डिटेक्टिव्ह फिक्सचं काम करणाऱ्यानं आत्तापासूनच ॲडिशन्स, म्हणजे संहितेत नसलेली पदरची वाक्यं, घ्यायला सुरुवात केलीय. संघातले एक ज्येष्ठ काका विचारतात, अभिजात कादंबरीची टिंगल करायचा अधिकार तुला कोणी दिला? हत्ती कसा आणायचा ते सुचत नाही, पैसे संपलेत. आणि सतीच्या प्रवेशावरून तर दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात तो काढ, निम्मे म्हणतात सगळ्यात मोठा हशा तिथेच आहे. एवढं करून नाटक सव्वातीन तासांचं होतंय. सोडून देऊ का?’*
*– हत्तीत अडकलेली*

प्रिय ‘हत्तीत अडकलेली’,

सोडू नका. हीच कादंबरी मीही एकदा विनोदी करून रंगमंचावर आणली होती आणि पहिल्या प्रयोगाला सपशेल आपटलो होतो. तेव्हा पुढे जे लिहितोय ते फटके खाऊन शिकलेलं आहे.

आमच्याही वाचनाला कुणी हसलं नव्हतं. मी घाबरलो आणि तुमचे दिग्दर्शक सांगतायत तेच केलं. रात्री बसून पानोपानी पंच पेरले. फॉगचा नोकर पास्पार्तू, त्याच्या तोंडी कोट्या, फिक्सच्या तोंडी कोट्या, अगदी जहाजाच्या कप्तानाच्याही तोंडी कोट्या. पहिल्या प्रयोगाला पहिली पंधरा मिनिटं हशा आला. मग तो विरळ होत गेला. मध्यंतरात मी वड्याच्या रांगेत कान देऊन उभा होतो, तर लोक गाडी कुठे लावली त्याबद्दल बोलत होते. नाटकाबद्दल एक अक्षर नाही, वाईटसुद्धा नाही.

घरी येऊन कादंबरी पुन्हा उघडली, तेव्हा काय घडलं ते कळलं. माझ्या नाटकात ऐंशी दिवसांत लंडनला परत पोचायची कुणालाच पर्वा नव्हती. जो तो विनोद करण्यात गुंतलेला. वीस हजार पौंडांची पैज लावलेला माणूस स्वतःच गंमत करतोय म्हटल्यावर प्रेक्षकानं कशाला घड्याळाकडे बघावं? आणि या गोष्टीत घड्याळ काढलं तर उरतं काय, रेल्वेचं वेळापत्रक!

तुमच्या संहितेत विनोद कमी आहे असं मला वाटत नाही. मूळ पुस्तकात तो खच्चून भरलेला आहे, पण तो गंभीर चेहऱ्यानं बसलाय. फॉगनं आधीच्या नोकराला का काढलं? दाढीचं पाणी शहाऐंशी अंश फॅरनहाइट हवं होतं, त्यानं चौऱ्याऐंशी अंशांचं आणलं म्हणून. यावर पंच कुठे घालणार? घातलात तर हा विनोद मरेल. मुंबईच्या स्टेशनातल्या खानावळीत फॉगला ‘ससा’ म्हणून जे वाढतात, ते खाऊन तो मालकाला बोलावतो आणि शांतपणे चौकशी करतो, की हा ससा मारताना म्याव म्याव करत नव्हता ना? तिथून गाडी निघते आणि खोल्बी नावाच्या खेड्यापाशी थांबते. का, तर पुढे रूळच नाहीत. फॉगचे सहप्रवासी सर फ्रान्सिस क्रोमार्टी चिडून म्हणतात, अहो, तुम्ही तर मुंबई ते कलकत्ता तिकिटं विकता! गार्ड म्हणतो, विकतो ना, पण अलाहाबादपर्यंतची सोय आपापली करायची, हे प्रवाशांना माहीत असतं. एसटीनं प्रवास केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. आमच्या दुसऱ्या खेपेला सगळ्यात लांब हशा यालाच आला, आणि त्यात माझा एकही शब्द नव्हता.

बैठ्या वाचनात हे दिसत नाही, कारण या विनोदाला चेहरा लागतो. वाचणारा ‘म्याव म्याव’ हे शब्द वाचतो. त्याआधी फॉगनं काटा खाली ठेवून, रुमालानं ओठ टिपून घेतलेली तीन सेकंदं तो वाचत नाही. तेव्हा संघाला सांगा, दुसरं वाचन उभ्यानं करू, हातात बशी आणि काटा घेऊन. मग ठरवा काय ते.

आता फॉगचं काम कोण करतंय ते पत्रात नाही, पण तुमचं नाटक त्याच्या खांद्यावर आहे. मी पहिल्यांदा चुकीचा नट घेतला. चांगला होता, लोकांचा लाडका होता, आणि तेच नडलं. प्रेक्षक हसले की त्याच्या ओठांचा एक कोपरा वर जायचा. बस, तेवढ्यानं संपलं. फॉगला आपण विनोदी नाटकात आहोत हे शेवटपर्यंत कळता कामा नये. दुसऱ्या खेपेला मी एका शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना घेतलं. ते संघात प्रकाशयोजनेला मदत करायचे, रंगमंचावर पाय ठेवला नव्हता. त्यांना मी एकच सांगितलं होतं, तुम्ही तास घेताय आणि मागच्या बाकावर पोरं दंगा करतायत. ते तास घेत राहिले.

आणि त्या फिक्सला आवरा. आमच्या फिक्सनं तिसऱ्या प्रयोगाला गावातल्या एका पुढाऱ्यावर ॲडिशन घेतली. कडकडून टाळी पडली, मलाही क्षणभर बरं वाटलं. पण पुढच्या प्रवेशात फॉगला पकडायचं अटक वॉरंट अजून मुंबईला पोचलं नाही म्हणून तो हातावर मूठ आपटतो, तेव्हा सभागृह ढिम्म. प्रेक्षकांच्या लेखी तो आता स्कॉटलंड यार्डचा माणूस राहिलाच नव्हता, आपला कोपऱ्यावरचा बंडू झाला होता. टाळी त्यानं घेतली, किंमत पुढच्या प्रवेशानं मोजली. तालमीत हवं ते करू दे, त्यातलं एखादं खरंच सोनं निघतं, ते संहितेत लिहून घ्या. पण तिसऱ्या घंटेनंतर जे लिहिलंय तेच. हे दिग्दर्शकानं सांगायचं असतं, हे मला माहीत आहे. पण ते स्वतःच पंच मागतायत, म्हणून तुम्हाला सांगतोय.

ज्येष्ठ काकांशी वाद घालू नका, त्यांना एक गोष्ट सांगा. ही कादंबरी 1872 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः येत होती. दोनच वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1874 ला, तिचं नाटक पॅरिसच्या पोर्त सॅं मार्तॅं थिएटरात लागलं. लेखक कोण, तर खुद्द व्हर्न, आणि सोबत द’एन्नरी हे तिथले कसलेले नाटककार. दोघांनी पुस्तकात नसलेली पात्रं घातली, नायिका औदाला एक बहीण दिली, सापांच्या गुहेचा प्रवेश घुसवला आणि रंगमंचावर खराखुरा हत्ती आणला. चारशेहून अधिक प्रयोग झाले, पुढे कित्येक दशकं ते पुन्हा पुन्हा लागत राहिलं. ज्यानं लिहिली त्यानंच तिचा तमाशा केला म्हणा ना. काकांना हेही विचारा, की देवलांचं ‘संशयकल्लोळ’ त्यांना मराठी वाटतं की फ्रेंच? मोलिएरचं प्रहसन इंग्रजीच्या वाटेनं आलं, फाल्गुनराव झालं आणि आपल्या घरातच राहिलं. त्यात मोलिएरची टिंगल झाली असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

फक्त एक फरक ध्यानात ठेवा. देवलांनी किंवा ‘मोरूची मावशी’ करणाऱ्या अत्र्यांनी नाटकावरून नाटक केलं. तुम्ही कादंबरीवरून करताय. कादंबरीत फॉगची गंमत पात्रं करत नाहीत, निवेदक करतो. त्याच्या बारीक चिमट्यांवर सगळं पुस्तक उभं आहे. रंगमंचावर तो निवेदकच नाहीसा होतो. मग त्याचं डोकं कुणाच्या धडावर बसवायचं? याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. पुढे सांगतो, आधी हत्ती.

आमच्या पहिल्या प्रयोगाला थर्मोकोलचा हत्ती होता. नेपथ्यकारानं आठवडाभर खपून तो केला, सोंडेवर नक्षी काढली, पाठीवर झूल. रंगीत तालीम आम्ही एका शाळेच्या सभागृहात केली, तिथे तो झोकात आला. प्रयोगाच्या रात्री विंगेतून निघेना. मागचा भाग आत, सोंड बाहेर. फॉग वाट बघतोय, सर फ्रान्सिस वाट बघतायत, आणि विंगेतून ‘अरे तिरका कर, तिरका!’ असा आवाज पहिल्या पाच रांगांना स्वच्छ ऐकू येतोय. त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तो. ‘हत्ती गेला अन् शेपूट राहिलं’ म्हणतात, आमचं शेपूट आत होतं आणि हत्तीच बाहेर येत नव्हता.

मी रडकुंडीला आलो होतो, पण त्या हशानंच मला वाट दाखवली. जगभर फिरणारा श्रीमंत साहेब आणि त्याला हत्तीसुद्धा धड आणून देता न येणारी आमची गरीब नाटक मंडळी, या दोघांतलं अंतर लोकांना हसवत होतं. विनोदी रूपांतराचं इंजिन तेच आहे. लंडनच्या क्रायटेरियन थिएटरात 2006 ते 2015 असं नऊ वर्षं एक हेरकथेचं नाटक चाललं, त्यात सगळी पात्रं मिळून चार नट करत होते, आणि गंमत त्यांच्या त्रेधेतच होती. पण आपल्याला लंडनला जायची गरज काय! आपल्या वगात राजा ‘चला प्रधानजी’ म्हणून रंगमंचाला एक फेरी मारतो आणि दुसऱ्या राज्यात पोचतो. पुलंनी आख्खी चाळ एकट्याच्या अंगावर उभी केली. लक्ष्मण देशपांडे मराठवाड्यातलं एक वऱ्हाड घेऊन लंडनला गेले, बावन्न पात्रं आणि नट एक. तुमच्याकडे तर सहा आहेत, चैन आहे.

तर हत्ती असा करा. दोन बाकं, त्यावर एक काळी घोंगडी, आणि दोन सुपं. ‘सुपाएवढे कान’ हे आपण लहानपणापासून म्हणतो, ते खरंच करा. एक नट घोंगडीपुढे उभा राहून दोन हातांत दोन सुपं धरतो, तेच कान. सोंड म्हणजे मागच्या नटाचा राखाडी बाहीतला हात, पुढच्याच्या काखेतून काढलेला. बघताक्षणी हत्ती दिसतो, आणि माणसंही दिसत राहतात. दोन्ही दिसायला हवं.

मग सौदा. हा प्रवेश व्हर्ननं जसा लिहिलाय तसाच ठेवा, त्याला हात लावू नका. फॉग भाड्यानं मागतो, तासाला दहा पौंड. नाही. वीस? नाही. चाळीस? नाही. बरं, विकत देता? हजार. नाही. बाराशे, पंधराशे, अठराशे, दोन हजार. फॉग प्रत्येक आकडा भाजी घेतल्यासारखा सांगतो आणि पास्पार्तू प्रत्येक आकड्याला पांढरा पडत जातो. आम्ही फक्त एक भर घातली. प्रत्येक बोलीला हत्तीचे कान किंचित वर जायचे. आपला भाव वाढतोय हे हत्तीला कळत होतं. दोन हजारांना सुपं अशी फडफडली, की फॉग करणाऱ्या गणिताच्या सरांनी आयुष्यात पहिल्यांदा पॉज घेतला, कारण हशा थांबेचना. कियूनी हे हत्तीचं नाव, आणि मालकानं त्याला झुंजीसाठी मस्तीत आणायला तीन महिने साखर-लोणी चारलेलं, हे तपशीलही पुस्तकातलेच. वापरा.

एक गंमत सांगतो, ती नाटकात घाला अगर घालू नका. हा हत्ती मुळात लागतच नव्हता. मुंबई-कलकत्ता रेल्वेचा शेवटचा तुकडा जोडून 1870 च्या मार्चमध्ये सगळा मार्ग सुरू झाला होता. फॉग येतो ऑक्टोबर 1872 मध्ये. म्हणजे खरा फॉग डब्यात बसून सरळ कलकत्त्याला उतरला असता आणि व्हर्नच्या हातून गोष्टीतला सगळ्यात गोड प्राणी गेला असता. सुवेझचा कालवा 1869 चा, अमेरिकेला आडवी छेदणारी रेल्वे 1869 ची, आणि आपली ही लाइन 1870 ची. ही तीन टोकं जुळली म्हणून तर ऐंशी दिवसांची पैज कुणाला सुचू शकली. तारखांवरून आठवलं. आमच्या नेपथ्यकारानं मुंबईच्या प्रवेशाला मागे व्हीटीचा घुमट रंगवला होता. प्रयोगानंतर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आत आले आणि नम्रपणे म्हणाले, ही इमारत बांधायलाच 1878 साली घेतली हो. नुसतं ‘बोरीबंदर’ लिहिलेली पाटी लावा. तेवढ्यात काम होतं, आणि पैसेही वाचतात.

आता सती. दोन तटांपैकी कुणाचंच ऐकू नका.

प्रवेश काढला तर औदा नाटकात येतच नाही. ठेवला, आणि तिथे हशा काढायला गेलात, तर काय होतं ते मी भोगलंय. आम्ही पुरोहितांना ढेरपोटे केलं होतं, मिरवणुकीला ढोलकीचा ठेका दिला होता. गुंगी दिलेली औदा खांद्यावरून येत होती आणि लोक ठेक्यावर टाळ्या वाजवत होते. मी विंगेत उभा होतो आणि मला घाम फुटला. बेंटिंकनं 1829 साली कायद्यानं बंद केलेली ही प्रथा व्हर्नसाठी दूरदेशीचं दृश्य असेल, पण आपल्यासाठी रूपकुंवर आहे. राजस्थानात देवराळ्याला 1987 च्या सप्टेंबरमध्ये अठरा वर्षांची मुलगी चितेवर गेली आणि भोवती गर्दी होती. त्या गर्दीसारखीच टाळी माझ्या प्रेक्षकांनी वाजवली होती, आणि ठेका मी पुरवला होता.

दुसऱ्या खेपेला तिथे चार मिनिटं विनोद पूर्ण बंद केला. ढोलकी नाही, ढेऱ्या नाहीत. अंधार, एक पलिता आणि चालणाऱ्या पायांचा आवाज. राजाचं प्रेत उठून बसतं आणि सगळे पालथे पडतात, हे पास्पार्तूचं सोंग येईपर्यंत कुणी हसायचं नाही. मग हसू येतं ते सुटकेचं, त्याचा आवाजच वेगळा असतो.

आणि इथेच मला तो हरवलेला निवेदक सापडला. औदा कोण आहे पुस्तकात? मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी, इंग्रजी शिकलेली, आईबाप गेल्यावर मनाविरुद्ध बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाला दिलेली. पारशी मुलगी आणि सती, हा व्हर्नचा अजब मेळ. ज्या समाजात परंपरेनं प्रेताला अग्नी देत नाहीत, त्यातली पोर चितेवर! पुस्तकात ती फार बोलत नाही. मी तिला सूत्रधार केलं. पडदा उघडतो तेव्हा ती येते आणि सांगते, हा साहेब माझ्या गावात दुपारी साडेचारला उतरला, आठची गाडी होती, मधल्या वेळात त्यानं टाउन हॉल पाहिला नाही, किल्ला पाहिला नाही, बाजार पाहिला नाही, कान्हेरीची लेणी तर सोडाच, तो जेवायला गेला आणि त्याला मांजर वाढलं. हे सगळं पुस्तकात आहे, फक्त निवेदकाच्या तोंडी. तिच्या तोंडी आल्याबरोबर सगळं फिरलं. आता हसणारी ती होती आणि हसू साहेबावर होतं. वाचवली गेलेली बाई म्हणून ती कोपऱ्यात बसत नाही, गोष्टच तिची होते. शेवटी लग्नाचं फॉग नाही, औदाच विचारते, तेही व्हर्ननंच लिहून ठेवलंय. मी काही क्रांती केली नाही, पुस्तक नीट वाचलं.

एक विनंती. तिला ‘बावाजी’ मराठी बोलायला लावू नका. दिग्दर्शक सुचवतील, हशाही मिळेल, पण व्हर्ननं तिला उत्तम इंग्रजी येतं म्हणून लिहिलंय, तुमच्या नाटकात तिला उत्तम मराठी येऊ दे.

सव्वातीन तास. कापा, आणि निर्दयपणे कापा. सदतीस प्रकरणं आहेत, सगळी रंगमंचावर आणायला तुमच्यावर कोर्टाचा आदेश नाही. अमेरिकेतल्या रेल्वेच्या डब्यातलं मॉर्मन पंथाचं व्याख्यान काढा. सू लोकांचा गाडीवरचा हल्ला काढा, तिथे मूळ लोकांचं अर्कचित्र होण्यापलीकडे हाती काही लागत नाही. हाँगकाँगचा अफूचा अड्डा दोन वाक्यांत उरकतो. योकोहामाच्या लांबनाक्या कसरतपटूंचा मनोरा कापताना माझा जीव तुटला, पण सहा जणांत मनोरा होत नाही, ढीग होतो.

दोन गोष्टी मात्र कापू नका. एक म्हणजे बूट. पास्पार्तू मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो, मार खातो, बूट तिथेच राहतात आणि तो अनवाणी धावत गाडी पकडतो. पुढे कलकत्त्याच्या कोर्टात तेच बूट पुरावा म्हणून टेबलावर येतात आणि हा पठ्ठ्या भर न्यायालयात ओरडतो, माझे बूट! जामीन प्रत्येकी हजार पौंड. तो बडबडतो, एकेक बूट हजाराला पडला, वर पायाला चावतात ते चावतातच. देवळाबाहेर चप्पल हरवलेल्या महाराष्ट्राला हा धागा हातात देऊन बघा. ते बूट पहिल्या अंकापासून रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात लोकांना दिसत राहू देत.

दुसरं म्हणजे हेन्रिएटा. अटलांटिकमध्ये जहाजाचा कोळसा संपतो, फॉग कप्तानाकडून जहाजच विकत घेतो आणि त्याचं लाकूड तोडून बॉयलरमध्ये घालतो. केबिनी, डोलकाठ्या, कठडे, सगळं. आम्ही तिथे आमचं नेपथ्यच तोडलं. बोरीबंदरची पाटी गेली, बाकं गेली, फॉगच्या क्लबच्या खुर्च्या गेल्या. शेवटी पास्पार्तूच्या हातात ती दोन सुपं येतात. तो फॉगकडे बघतो. फॉग घड्याळाकडे बघतो. सभागृहातून कुणीतरी ‘नको’ म्हणालं, आमच्या एका प्रयोगाला एक लहान मूल होतं, दुसऱ्याला चांगले मिशीवाले गृहस्थ. सुपं जातात. त्यानंतर रंगमंच रिकामा असतो आणि शेवटचा प्रवेश त्या रिकाम्यातच होतो.

पूर्वेकडे जात पृथ्वीला फेरी मारल्यानं फॉगला शेवटी एक दिवस जास्तीचा कसा मिळाला हे लोकांना कळत नाही, हीही अडचण तुम्हाला येणारच. मी आधी संत्रं आणि मेणबत्ती घेऊन पृथ्वीचं फिरणं समजावणारं भाषण लिहिलं होतं. लोक जांभया देत होते. मग दोन्ही विंगांजवळ तारखेची पानं फाडायची दोन कॅलेंडरं टांगली. डावीकडे लंडन, तिथलं पान क्लबात पत्ते खेळणारे फाडायचे. उजवीकडे प्रवास, तिथलं पास्पार्तू फाडायचा. दोघं एकाच वेळी फाडतात, फर्र, फर्र, सवय होऊन जाते. फक्त पॅसिफिकमध्ये एकदा पास्पार्तू फाडतो आणि डावीकडे हात वर जातच नाही. कुणाच्या तरी लक्षात येतं, बाकीचे विसरतात. शेवटी हरलो म्हणून सगळे मान खाली घालून बसलेले असताना औदा डावीकडच्या कॅलेंडरपाशी जाते आणि तिथे एक पान जास्त असतं. एक शब्दही बोलावा लागत नाही.

व्हर्न 1905 मध्ये गेला, त्यामुळे मूळ कादंबरीवर आता कुणाचा हक्क नाही. पण तुम्ही मराठी भाषांतरावरून काम केलं असेल, तर त्याचे हक्क वेगळे असतात. भाषांतरकाराचं एखादं वाक्य जसंच्या तसं आलं असेल तर परवानगी घ्या नाहीतर स्वतः पुन्हा लिहा. संहिता मंजुरीसाठी परिनिरीक्षण मंडळाकडे जाण्याआधीच हे उरका. आणि फुगा घालू नका. लोक विचारतील, फुगा कुठाय? तो 1956 च्या इंग्रजी चित्रपटात आहे. व्हर्नच्या पुस्तकात कुणी फुग्यातून जात नाही.

एक राहिलंच. निघण्याच्या गडबडीत पास्पार्तू आपल्या खोलीतला गॅसचा दिवा चालू ठेवून येतो. दिवसाला दोन शिलिंग, त्याच्या पगारापेक्षा सहा पेन्स जास्त. सगळ्या जगभर त्याला तो दिवा आठवत राहतो, आणि शेवटी पैज जिंकल्यावर फॉग उरलेले हजार पौंड त्याला आणि फिक्सला वाटून देतो, पण त्याच्या वाट्यातून 1920 तासांच्या गॅसचे पैसे कापून घेतो. तुमच्या रंगमंचाच्या एका कोपऱ्यात सुरुवातीपासून एक छोटा दिवा जळत ठेवा, ब्लॅकआउटमध्येसुद्धा. आणि लाइटवाल्याला ते लिहून द्या. आमच्याकडे त्यानं काटकसरीच्या सवयीनं पहिल्याच ब्लॅकआउटला तो विझवला होता, आणि पास्पार्तू पुढचे दोन तास न जळणाऱ्या दिव्यासाठी तळमळत होता.

आपला,
सदरलेखक